चढावरची टकटक

रोलर कोस्टरची गाडी पहिल्या चढाला लागली की खालून टक-टक-टक असा आवाज सुरू होतो. बसलेल्यांना वाटतं गाडी वर ओढणारी साखळी वाजतेय. साखळीचा आवाज वेगळा असतो, घरघर येतो. टकटक असते ती खिटीची. गाडीच्या पोटाखाली एक जाड लोखंडी खिटी लोंबत असते आणि रुळांच्या मधोमध, चढाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, दातेरी पट्टी बसवलेली असते. गाडी वर जाताना खिटी एकेका दातावरून सरकते आणि पलीकडच्या खाचेत पडते. गाडी मागं यायला लागली की तीच खिटी दाताला अडते. कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये चेन पुलीनं माल उचलताना जी टकटक ऐकू येते, तिचंही काम हेच. हात सुटला तरी माल खाली येता कामा नये.

अमेरिकेतल्या जॉन मिलर या रचनाकारानं १९१० च्या सुमारास ही खिटी रोलर कोस्टरवर रुळवली. आपल्याकडं पलूसजवळ किर्लोस्करवाडी वसली तेही १९१० सालीच. म्हणजे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या काळातलीच ही गोष्ट आहे, आणि रचना इतकी साधी की गावातला लोहारसुद्धा बघून समजेल. तरी रोलर कोस्टरच्या सुरक्षेत जे जे बदल झाले त्यांची किल्ली या खिटीत आहे, असं माझं मत आहे. खिटीला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, कुणाचं लक्ष लागत नाही. बाकी सगळं बंद पडलं की ती आपल्या वजनानं योग्य बाजूला पडते.

ऊस भरलेली ट्रॉली चढावर थांबली की हेल्पर उडी मारून चाकामागं दगड लावतो. तो वेळेत पोचला तर ठीक. खिटी म्हणजे असा दगड, जो चढभर वीतभर अंतरावर आधीच लावून ठेवलेला आहे.

हे वीतभर अंतर महत्त्वाचं असतं. चढ ३० अंशांचा धरा आणि घर्षण सोडून द्या. दोन दातांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर साखळी तुटल्यावर गाडी वाईटात वाईट तेवढी मागं येईल आणि खिटी अडेल तेव्हा तिचा वेग सेकंदाला १.७ मीटर, म्हणजे ताशी ६ किलोमीटर झालेला असेल. गाडी माणसांसकट काही टनांची असते. एवढ्या वजनाचा तो फटका एका खिटीवर आणि तिच्या पिनेवर बसतो. अंतर १० सेंटिमीटर केलं तर वेग ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास राहतो आणि फटक्यातली ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून दात जवळ ठेवतात, आणि प्रत्येक डब्याला स्वतंत्र खिटी देतात.

खिटी बिघडते कशी? ती तुटण्याआधी बहुतेक वेळा अडकते. पिनेच्या बुशात ग्रीस जास्त झालं आणि त्यात धूळ बसली की खिटी जड होते, वर उचललेलीच राहते. टकटक मंद होते किंवा मधले ठोके गाळते. दुसरा बिघाड नाकाचा. खिटीचं टोक घासून गोल झालं की ती दातावर चढून निसटू शकते. तिसरा, खिटीला स्प्रिंग असेल तर, त्या स्प्रिंगचा. तपासायची रीत एकच खात्रीची आहे. रिकामी गाडी चढाच्या मध्यावर नेऊन साखळी थांबवायची, गाडी खिटीवर टेकू द्यायची, आणि नंतर गाडी स्थानकात उभी असताना प्रत्येक डब्याची खिटी हातानं उचलून सोडायची. सोडल्याबरोबर ती खाली पडली पाहिजे. हळूच खाली आली तरी ती नापास.

आता या खिटीच्या आधीचे दिवस.

रोलर कोस्टरचं मूळ रशियातलं. सेंट पीटर्सबर्गच्या थंडीत लाकडी उतारावर बर्फ गोठवून त्यावरून घसरायचे. १८१७ साली पॅरिसमध्ये चाकाच्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांची चाकं रुळाच्या खाचेत अडकवलेली होती. ही चांगली कल्पना पुढं जवळजवळ शंभर वर्षं मागंच पडली. अमेरिकेत १८८४ साली लामार्कस थॉम्प्सननं न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला जी स्विचबॅक रेल्वे उभारली, तिथून हा धंदा खरा सुरू झाला. लांबी ६०० फूट, उंची ५० फूट, वेग ताशी १० किलोमीटरच्या आत, तिकीट ५ सेंट. माणसं जिना चढून मनोऱ्यावर जायची, गाडी उतरत, हेलकावे घेत पलीकडच्या मनोऱ्यापर्यंत पोचायची, सगळे खाली उतरायचे, कामगार गाडी ढकलून शेजारच्या रुळावर घ्यायचे आणि परतीचा प्रवास. मागं घसरायचा प्रश्नच नव्हता, कारण गाडी ओढून चढावर नेतच नव्हते. पुढच्या काही वर्षांत गाडी यंत्रानं वर ओढायला लागले, आणि दोर तुटला तर काय, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला.

त्या काळातल्या गाड्यांना खालून काहीच धरलेलं नसे. चाक लाकडी रुळावर टेकलेलं, आणि बाजूला फळ्या, म्हणजे गाडी डावी-उजवीकडं जाऊ नये. वर उचलली गेली तर अडवणारं काही नाही. अमेरिकेतल्या अल्टूना गावात १९०२ सालचा लीप द डिप्स या नावाचा कोस्टर याच पद्धतीचा आहे. जगात अजून उभा असलेला सगळ्यात जुना कोस्टर म्हणून त्याची नोंद होते. उंची ४१ फूट, पण एका दमातला सगळ्यात मोठा उतार जेमतेम ९ फूट. हे बांधणाऱ्याचं घाबरटपण नव्हतं, तो हिशोब होता. माथ्याची गोलाई १० मीटर त्रिज्येची असेल तर ताशी ३६ किलोमीटरला गाडीचं रुळावरचं वजन शून्य होतं. त्यापुढं गाडी उडते. खालून धरलेलं नसेल तर वेग कमी ठेवणं एवढाच उपाय.

तो वेग माणूस ठेवायचा. गाडीवरच, डब्यांच्या मध्ये, एक ब्रेकवाला असायचा आणि मोठा दांडा ओढून वळणाआधी वेग मारायचा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लुना पार्कमधला १९१२ सालचा सीनिक रेल्वे अजूनही ब्रेकवाल्याच्या हातावर चालतो. त्या माणसाला कोरडा रूळ आणि ओला रूळ, भरलेली गाडी आणि अर्धी गाडी यांचा फरक अंगात भिनलेला असावा लागतो. या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण कौशल्य आजारी पडतं, थकतं, रजेवर जातं, आणि त्या दिवशी नवखा माणूस दांड्यावर बसतो.

मिलरनं १९१९ साली तिसऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. वरचं चाक वजन घेतं, बाजूचं चाक वळणात धरतं, आणि तिसरं चाक रुळाच्या खालून फिरतं, गाडी वर उचलली की तेच तिला रुळाला धरून ठेवतं. या एका चाकानं उतारांची उंची बदलली. १९२७ साली कोनी आयलंडला उघडलेला सायक्लोन ८५ फुटांचा आहे आणि ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास पळतो. तिसऱ्या चाकाशिवाय असा कोस्टर कागदावरही काढता आला नसता. लाकडी रुळावर खालचं चाक सतत टेकलेलं नसतं, थोडी फट ठेवतात. ती फट वाढली की माथ्यावर ठक असा फटका बसतो. तो ऐकू आला की देखभालवाल्यानं फट मोजायला घ्यायची.

सुरक्षा वाढली म्हणून खेळ मिळमिळीत झाला असं काही लोक म्हणतात. घडलं उलटं. खिटी आणि तिसरं चाक आल्यावरच कोस्टर उंच आणि वेगवान झाले.

लूपची, म्हणजे गाडी उलटी करून फिरवणाऱ्या उभ्या वेढ्याची, गोष्ट मात्र चाकांची नाही, भूमितीची आहे. १८९५ साली कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा २५ फूट व्यासाचा लूप होता, पूर्ण गोल. त्यात शिरताना सुमारे १२ पट वजन पडायचं असं सांगतात. माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं. ते १२ पटीत ६० किलोचं झालं, आणि सगळा भार मानेच्या मणक्यांवर. मानेला दुखापती झाल्या आणि तो बंद पडला. हिशोब केला तर निर्दोष गोल लूपमध्येही सुटका नाही. माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला तरी तळाशी वजन ६ पट होतं, त्रिज्या कितीही घ्या. उपाय असा की त्रिज्या सारखी ठेवायचीच नाही. तळाशी वेग जास्त तिथं मोठी, माथ्याकडं जाताना लहान लहान. लूपचा आकार गोल न राहता पाण्याच्या थेंबासारखा होतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्यूशन या कोस्टरवर अँटोन श्वार्त्सकोफ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी हे करून दाखवलं. रेल्वेवाल्यांना हे नवीन नव्हतं. पुणे-मिरज मार्गावर गाडी सरळ रुळावरून एकदम पूर्ण वळणात शिरत नाही, वळण हळूहळू घट्ट होत जातं. तीच वक्ररेषा उभी केली की थेंब तयार.

खिटी आहे म्हणून सगळं झालं असं समजणं किती महाग पडतं ते लंडनमध्ये ३० मे १९७२ रोजी दिसलं. बॅटरसी पार्कमधला बिग डिपर हा लाकडी कोस्टर. गाडी दोरानं चढावर ओढली जात होती. ती दोरापासून सुटली. मागं घसरू नये म्हणून असलेल्या अडणीनं ती धरली नाही. ब्रेकवाल्यानं ब्रेक लावला, त्यानंही ती थांबली नाही. गाडी उलटी स्थानकाकडं आली. ५ मुलं गेली, १३ जखमी झाली. एका मागोमाग तीन गोष्टी निकामी झाल्या, हे नीट बघितलं पाहिजे. दोर कधी ना कधी सुटणारच, असं धरूनच दुसरी आणि तिसरी व्यवस्था असते. पण दुसऱ्या-तिसऱ्या व्यवस्थेला रोज काम पडत नाही. दोर रोज ओढतो, त्याचं झिजणं दिसतं. खिटी वर्षानुवर्षं नुसती टकटक करते, तिच्यावर भार कधी येतच नाही. घोडं पेंड खातं ते इथं. जे रोज वापरात नाही ते मुद्दाम वापरून तपासावं लागतं. वर सांगितलेली साखळी थांबवून गाडी खिटीवर टेकवायची तपासणी त्यासाठीच आहे, आणि ती रोज सकाळी व्हायला हवी.

एका वेळी दोन-तीन गाड्या सोडायच्या तर आणखी एक प्रश्न येतो, मागची गाडी पुढचीवर आदळण्याचा. मिरज जंक्शनच्या माणसांना याचं उत्तर सांगायला नको. मार्गाचे ब्लॉक करायचे, एका ब्लॉकात एकच गाडी, पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागची सुटणार नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला १९५९ साली आलेल्या मॅटरहॉर्नमध्ये नळीचे पोलादी रूळ होते, आणि हीच पद्धत वापरून एका मार्गावर अनेक गाड्या चालवता आल्या. गाड्या नेहमी ब्लॉकांपेक्षा किमान एकानं कमी, हा नियम.

प्रत्येक ब्लॉकाच्या शेवटी ब्रेक असतो आणि तो हवेच्या दाबानं लागत नाही, सुटतो. लावायचं काम स्प्रिंगचं. नळी फुटली, कॉम्प्रेसर बंद पडला की ब्रेक आपोआप आवळला जातो. एसटीचा ड्रायव्हर सकाळी हवा भरेपर्यंत गाडी हलवत नाही, त्यामागं हेच कारण. अलीकडच्या कोस्टरवर चुंबकाचे ब्रेक दिसतात. गाडीखालची तांब्याची किंवा अल्युमिनियमची पाती कायमच्या चुंबकांमधून गेली की तिच्यात प्रवाह तयार होतो आणि तो गाडीला मागं ओढतो. वीज नको, घासणं नाही, पावसात फरक नाही. एकच मर्यादा आहे, वेग कमी होईल तशी पकडही कमी होते, म्हणून पूर्ण थांबवायला वेगळा ब्रेक लागतोच.

एवढं सगळं असूनही इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्समध्ये २ जून २०१५ रोजी स्मायलर या कोस्टरवर माणसांनी भरलेली गाडी अडकून पडलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोघींना पाय गमवावा लागला. संगणकानं मागची गाडी बरोबर रोखून धरली होती. मार्गावर नेमक्या किती गाड्या आहेत याचा माणसांचा गैरसमज झाला, यंत्र चुकतंय असं वाटलं, आणि अडवणूक हातानं रद्द केली गेली. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. यावरून मी एकच नियम मानतो. यंत्र थांब म्हणत असेल तर आधी चालत जाऊन, डोळ्यांनी बघून, गाड्या मोजायच्या, मग बटणाला हात लावायचा.

हे सगळं परदेशातलं, मोठ्या बागांतलं. भारतात दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली उघडलं आणि २००८ साली बंद झालं, मुंबईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली उघडलं, आणि खोपोलीचं इमॅजिका २०१३ साली. सातारा-सांगलीच्या पोरांचा पहिला कोस्टर यांपैकी कुठलाच नसतो. तो असतो यात्रेतली ड्रॅगन ट्रेन. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पालला खंडोबाची, तासगावला गणपतीचा रथ. चार दिवसांसाठी उभं राहणारं, ट्रकमधून आलेलं यंत्र. त्याची तपासणी बागेतल्या कोस्टरपेक्षा जास्त कडक हवी, कारण ते दर पंधरवड्याला सुटं होतं आणि पुन्हा जोडलं जातं.

ड्रॅगन ट्रेनला साखळीचा चढ नसतो, मोटर गाडीवरच असते, वेग बेताचा असतो. मागं घसरण्याची भीती कमी. तिची दुखणी वेगळी. पहिलं जमिनीचं. तासगावचा रथ भाद्रपदातला, ऋषिपंचमीचा, म्हणजे पाऊस आणि काळी माती. खांबाखाली वीटकूर किंवा फरशीचे तुकडे घातले तर रात्रीतून एक बाजू दबते. रुंद लाकडी स्लीपर आडवे-उभे घालून वजन पसरवायचं आणि लेव्हल ट्यूबनं सगळे खांब एका पातळीत आणायचे. पालला नदीकाठ, तिथं रेताड जमीन, तीही दबते. पातळी एकदा बघून भागत नाही. पहिल्या दिवशी भरलेल्या फेऱ्या झाल्यावर पुन्हा बघायची, आणि पाऊस पडून गेला की दर वेळी.

दुसरं रुळाच्या जोडाचं. दोन तुकडे जुळताना दोन-तीन मिलिमीटरचा पायरीसारखा फरक राहिला की प्रत्येक चाक प्रत्येक फेरीला तिथं आपटतं. आधी नायलॉनच्या चाकाला चीर जाते, मग जोडाजवळच्या वेल्डिंगला. बोटाचं नख जोडावरून फिरवलं की फरक कळतो. बोल्टच्या नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एक पांढरी रेघ ओढून ठेवावी. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता, लांबूनच. पिनेला स्प्लिट पिनच हवी. खिळा वाकवून घातलेला किंवा बायंडिंग तार गुंडाळलेली दिसली तर त्या पाळण्यात पोराला बसवू नका.

वेल्डिंगची चीर रंगाखाली लपते, पण तिच्यातून गंज पाझरतो. रंगावर केसासारखी तपकिरी रेघ दिसली की तिथला रंग खरवडायचा, पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि डाय पेनिट्रंट मारायचा. लाल द्रावण फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्यानं पुसा, शेवटचा हात क्लीनर लावलेल्या फडक्यानं. क्लीनर थेट जोडावर फवारायचा नाही, नाहीतर चिरेतलं लालही धुऊन जातं. मग पांढरं डेव्हलपर फवारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मोसम सुरू होण्याआधी पाळणेवाल्यानं प्रत्येक महत्त्वाच्या जोडाला हे करावं. या फवाऱ्यांच्या डब्यांचा खर्च एका रात्रीच्या गल्ल्यापुढं काहीच नाही.

बसणाऱ्याला धरणारी दांडी हा वेगळा विषय. दोघांना मिळून एकच दांडी असली की ती जाड माणसाच्या मांडीवर थांबते आणि शेजारचं सहा वर्षांचं पोर मोकळं राहतं. म्हणून बागांमधल्या नव्या कोस्टरवर प्रत्येकाला वेगळी दांडी असते, तिला दोन स्वतंत्र कड्या असतात, आणि दांडी बसल्याचं कळल्याशिवाय गाडी सुटत नाही. यात्रेत ही सोय नसेल तर लहान पोर आणि मोठा माणूस एका दांडीखाली बसवायचे नाहीत. सारख्या अंगाचे दोघे बसवा. मोकळे केस आणि ओढणी आत घट्ट बांधून घ्या. फिरणाऱ्या शाफ्टवर पत्र्याचं झाकण नसेल तर त्या खेळाला जाऊच नका.

आकाशपाळण्यात मला सगळ्यात खटकतो तो ब्रेक. बऱ्याच पाळण्यांना दांडा दाबला की लाकडी किंवा रबरी पट्टी चाकाला घासते, आणि दांडा सोडला की ब्रेक सुटतो. म्हणजे १९१२ सालचा ब्रेकवाला. दांडा धरणारा पोरगा पैसे मोजायला वळला, त्याला फोन आला, की चाक मोकळं. पाळणे एका बाजूनं भरत गेले असतील तर जड बाजू लगेच खाली ओढते. भरायची रीत म्हणून समोरासमोर असावी, एक पाळणा भरला की त्याच्या बरोबर समोरचा. आणि ब्रेक उलटा करता येतो, तेही एका दिवसाच्या वेल्डिंगच्या कामात. दांड्याच्या टोकाला वजन लटकवायचं, असं की दांडा सोडला की वजनानं पट्टी चाकावर दाबली जाईल आणि चाक फिरवायचं असेल तेवढाच वेळ माणसानं दांडा उचलून धरायचा. वजन किती, ते अंदाजानं नाही ठरवायचं. अर्ध्या बाजूच्या पाळण्यांत वाळूची पोती भरायची, समोरचे रिकामे ठेवायचे, आणि दांडा सोडून दिल्यावर चाक जागचं हलत नाही इथवर वजन वाढवत न्यायचं. नंतर पट्टी ओली करून पुन्हा एकदा तेच बघायचं, कारण तासगावला ती ओलीच असणार.